हत्तीगवताने जमीन सुधारते म्हणे, पण कोणती?

सरीवरंबा:
काल येथे ‘पौडरस्ता’ यांनी लिहिले की, मिस्कँथस या ऊर्जागवताखाली जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो हे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले असताना दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांनी उसाचा हट्ट सोडून चोपण (सोडियम साचून पाणी न मुरणाऱ्या) जमिनीत तसेच उंच वाढणारे हत्तीगवत (नेपियर) लावावे आणि ते बायोगॅस प्रकल्पांना विकावे. ‘शेतकऱ्यांनी जरा विज्ञान वाचावे,’ अशी पुस्तीही त्यांनी जोडली. वाचले आहे, म्हणूनच लिहितो.

एमिली हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉयमधील चाचण्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. त्यांत मिस्कँथसने हेक्टरी सुमारे ३० टन कोरडे गवत दिले आणि स्विचग्रास या दुसऱ्या ऊर्जागवताने त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके. हे आकडे मला मान्यच आहेत. मात्र ते गवत कापतात केव्हा, हे पौडरस्ता सांगत नाहीत. तिकडे थंडीने गवत वाळते, पानांतील बरेचसे नत्र आणि पालाश जमिनीखालच्या कंदांत परत जाते आणि त्यानंतर वाळलेल्या काड्या कापल्या जातात. आपल्याकडे हत्तीगवत दर दीड-दोन महिन्यांनी हिरवेगार कापून, सगळ्या अन्नद्रव्यांसह, ट्रॉलीत भरले जाईल. शिवाय तिकडची तुलना दरवर्षी मका-सोयाबीनसाठी मशागत होणाऱ्या रानाशी आहे. तेथील निष्कर्ष जसाच्या तसा उचलून भीमेच्या खोऱ्यात टाकणे याला विज्ञान म्हणत नाहीत.

पौडरस्ता:
आपण अर्धेच सांगितले. बायोगॅसच्या टाकीत कर्बाचा मोठा भाग वायूरूपाने निघून जातो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश बहुतांशी स्लरीत, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ गाळात, राहते. ती स्लरी शेतात परत आली, तर आपला हिरव्या कापणीचा आक्षेप शिल्लक राहत नाही. बहुवर्षायू गवताच्या मुळांमुळे आणि मशागत टळल्यामुळे होणारा लाभ इलिनॉयपुरता मर्यादित नाही. आणि ज्यांच्या शिवारात दरवर्षी पाचट, म्हणजे ऊसतोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटवले जाते, त्यांनी सेंद्रिय कर्बावर व्याख्यान द्यावे, हे जरा जास्तच होते.

सरीवरंबा:
‘परत आली तर’ यातील ‘तर’ फार मोठा आहे. स्लरीत बहुतांश पाणीच असते. वीस-पंचवीस किलोमीटरवरून ते टँकरने आणण्याचे भाडे करारात कोणाच्या नावावर लिहिणार? पाचटाविषयी म्हणाल, तर कोथरूडच्या गॅलरीतून धूर दिसतो, पण तो कशामुळे निघतो हे दिसत नाही. तोडणी लांबते, पाटाच्या पाण्याची पाळी येते, सरीत पाचट अडकून पाणी पुढे सरकत नाही आणि उंदरांचा उपद्रव वेगळाच. हौस म्हणून काडी लावणारा शेतकरी मी पाहिलेला नाही.

मांजरीकर:
मी पाहिले आहेत. आमच्या भावकीतच आहेत. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते एकाआड एक सरीत दाबले की पाण्याला वाट राहते. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू, एवढाच हिशेब आहे. आमचे वडील खोडव्याचे (तोडलेल्या उसाच्या बुडातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाचे) बुडखे कोयत्याने जमिनीलगत छाटून घेत. उंच राहिलेल्या बुडख्याला वरून येणारा फुटवा ते हाताने उपटून दाखवत, कारण त्याला स्वतःची मुळे धड नसतात. चौथ्या खोडव्यालाही आमच्या रानात माती भुसभुशीत होती. शेजारी मात्र ‘मुळे खाणारी हुमणी अळी होते’ म्हणत पेटवत राहिले.

सरीवरंबा:
आपले वडील धन्य, पण आपल्याला मजूर कोणत्या दराने मिळत होते, तेही लिहा.

मांजरीकर:
मजूर नव्हते. आम्ही चौघे भावंडे होतो आणि शाळेला सुट्टी होती.

सरीवरंबा:
म्हणजे मजुरी शून्य! असा हिशेब असेल, तर महाराष्ट्रातील प्रत्येक पीक फायद्याचे आहे.

माणदेशी:
गवत, पाचट यावर आपण खुशाल भांडा. मला बायोडिझेलसाठी गाजवलेला मोगली एरंड (जट्रोफा) आठवतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने त्याची शिफारस केली, २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आणि बायोडिझेलचे मिश्रण एक टक्क्यालाही पोहोचले नाही. ‘पडीक जमिनीत, पाण्यावाचून’ असेच तेव्हाही सांगितले होते. माझ्या चुलत्यांनी माळावर दोन एकर एरंड लावला. रोपे देणारी मंडळी बी उचलायला फिरकलीच नाहीत. पाण्यावाचून झाड जगते हे खरे निघाले, पण त्याला बी धरत नाही, हे कोणी सांगितले नव्हते. आपण ज्याला पडीक म्हणता, त्या माळावर आमची मेंढरे चरतात.

पौडरस्ता:
मोगली एरंडाचे पाप हत्तीगवताच्या माथी मारू नये. एक बियांसाठी आहे, दुसरे पाल्यासाठी. चराऊ माळाविषयी आपले म्हणणे रास्त आहे, परंतु मी लिहिले होते ते कालव्याखालच्या चोपण जमिनीबद्दल, जिथे आज ऊसही धड येत नाही.

सरीवरंबा:
अशा जमिनीला आधी चर आणि जिप्सम लागते. निचरा नसेल तर हत्तीगवताची मुळेही कुजतील. तरीही माझे शेवटचे म्हणणे असे की, करारात स्लरी बांधापर्यंत पोहोचवण्याची अट घाला, लागवडीपूर्वी आणि तीन वर्षांनी त्याच रानातील माती तपासा आणि शेजारी पाचट दाबलेला खोडवा तुलनेला ठेवा. एवढे झाले तर माझे एक एकर देतो. लागवडीचा खर्च अर्थातच विज्ञान वाचणाऱ्यांनी करावा.

पौडरस्ता:
अटी मान्य आहेत. खर्चाविषयी आमच्या सौ.ना विचारून कळवतो.

मांजरीकर:
पाचट दाबायला येतो. या वेळी मजुरी घेईन.