सल्ला हवा: बागेतल्या भरावाच्या भिंतीसाठी इंजिनिअरिंग ब्रिक – ए, बी की जुन्या निळ्या?

काळ्यामुलखातली

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये वॉल्सॉलजवळ आमचं व्हिक्टोरियन काळातलं टेरेस घर (रांगेतलं, भिंतीला भिंत लागलेलं) आहे. मागची बाग दोन पातळ्यांवर आहे आणि वरची माती अडवायला विटांची भिंत आहे. लांबी साधारण ६ मीटर, उंची ९० सेंटिमीटर. ती मधोमध पोट काढून पुढे आलीये, आणि दर हिवाळ्यानंतर खाली विटांचे पोपडे झाडून गोळा करावे लागतात. पाडून नवीन बांधायची हे नक्की.

बिल्डर म्हणतो, "इंजिनिअरिंग ब्रिक वापरा, पुन्हा बघायला नको." (म्हणजे जास्त ताकदीची, पाणी कमी पिणारी वीट.) दुकानात गेले तर क्लास ए, क्लास बी, लाल, निळ्या, भोकांच्या, भरीव असं सगळं समोर. निळ्यांची किंमत ऐकून मी दोन पावलं मागे सरकले. नवऱ्याला रेक्लेम यार्डातल्या (पाडलेल्या बांधकामांचं सामान विकतात तिथल्या) जुन्या निळ्या विटा आवडल्यात.

प्रश्न असे:
१. ए आणि बी मध्ये खरा फरक काय? माझ्या भिंतीला कुठली पुरे?
२. जुन्या विटा घ्याव्यात का?
३. घराच्या मागच्या भिंतीच्या तळाच्या दोन-तीन थरांतल्या विटाही झिजल्यात, आत ओल येते. बिल्डर म्हणतो तिथेही त्याच बसवू. चालेल?

---

सिव्हिलवाला_लीड्स

आधी आकडे, म्हणजे दुकानदार काय सांगतोय ते कळेल. जुन्या ब्रिटिश प्रमाणकात (बीएस ३९२१) क्लास ए म्हणजे दाब सोसण्याची ताकद किमान ७० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आणि पाणी शोषण वजनाच्या ४.५ टक्क्यांपर्यंत. क्लास बी म्हणजे किमान ५० आणि ७ टक्क्यांपर्यंत. सध्याच्या बीएस ईएन ७७१-१ च्या ब्रिटिश जोडपत्रात ताकदीचे आकडे चढून १२५ आणि ७५ झाले, शोषणाचे तेच राहिले.

तुमच्या ९० सेंटिमीटरच्या भिंतीत सगळ्यात खालच्या विटेवर जो भार येतो तो या आकड्यांपुढे किरकोळ आहे. तेव्हा ताकदीसाठी ए घ्यायचं कारणच नाही. तुमची भिंत दाबाने चेचली जात नाहीये, ती गारठ्याने सोलली जातेय. मागची ओली माती बाराही महिने विटेला पाणी पाजते, ते पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचा चेहरा उडवतं. हे वर्षानुवर्षं चालतं. म्हणून विटेच्या माहितीपत्रकात दोन खुणा शोधा: एफ२ (म्हणजे सतत ओली राहून गोठण्या-वितळण्याला टिकणारी) आणि एस२ (विरघळणारे क्षार कमी). हे दोन्ही असलेली साधी लाल क्लास बी तुम्हाला पुरेशी आहे, आणि ती निळ्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते.

बाकी तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ठामपणे 'नाही' असंच आहे. त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता मीटिंगला पळतोय.

---

टिपटनकर

अहो पण वॉल्सॉलला राहून लाल वीट लावणार? शेजारी काय म्हणतील! (गंमत करतोय. थोडीशीच.)

निळ्या विटेचं घर म्हणजे हाच मुलूख. इथली एट्रुरिया मार्ल माती लोखंडाने भरलेली, साधी भाजली तर लालच होते. पण भट्टी खूप तापवून शेवटी हवा तोडली की ऑक्सिजन कमी पडतो, लोहाचं ऑक्साइड बदलतं आणि रंग निळसर-करडा होतो. त्याच उष्णतेत माती अर्धवट काचेसारखी होऊन छिद्रं मिटतात. म्हणजे पाणी अडतं ते छिद्रं मिटल्यामुळे. निळा रंग हा त्याच भट्टीचा दुसरा परिणाम. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, धातूसारखा ठण्ण आवाज येतो.

कॅनॉलच्या काठाने चालायला जात असाल तर पुलांचे कोपरे आणि लॉकच्या (बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांच्या) कडा बघा. गोल कडेच्या निळ्या विटा आहेत, बोटींचे, दोरांचे, पाण्याचे धक्के खाऊन अजून जागच्या जागी. बर्मिंगहॅमला डिग्बेथमध्ये डडस्टन व्हायाडक्ट आहे, निळ्या विटांच्या कमानींची रांगच्या रांग. त्यावरून गाडी कधी धावलीच नाही. आज वरती झाडं वाढलीत आणि खाली कमानी तशाच उभ्या.

माझं मत: भिंत लाल बी मध्ये बांधा, पण वरचं कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा थर) निळ्या बुलनोज, म्हणजे गोल कडेच्या विटांचं करा. पैसे तिथे घाला. पाऊस आणि बर्फ सगळ्यात जास्त तिथेच बसतो.

---

अनामिका_बर्मिंगहॅम

टिपटनकरांना +१. फक्त वरच्या बागेत जायला पायऱ्या करणार असाल तर गुळगुळीत निळी वीट नको. पाणी शोषत नाही म्हणजे ते वरच राहतं, आणि जानेवारीत तिथे काच होते. सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा आम्ही घाईघाईने रबरी मॅट टाकली. पायऱ्यांसाठी खाचा असलेल्या निळ्या फरसबंदी विटा मिळतात, चौकटीच्या किंवा हिऱ्याच्या नक्षीच्या. पूर्वी घोड्यांच्या तबेल्यांत आणि स्टेशनांच्या फलाटांवर लावायचे त्याच.

---

नाशिकचा_भट्टीवाला

वाचतोय. आमच्याकडे घरचा वीटभट्टीचा धंदा होता म्हणून कुतूहल. आपल्याकडे भट्टीच्या पोटातली, आगीला अगदी लागून असलेली वीट जळून काळी-निळी होते, तिला खंगर म्हणतात. तीही पाणी पीत नाही आणि वाजते पण ठणठणीत. पण आकार वेडावाकडा, चार चार एकमेकींना चिकटलेल्या. म्हणून ती भिंतीत न जाता पायाच्या भरावात नाहीतर फोडून कोब्यात जाते. ही इंग्लंडची वीट म्हणजे शिस्तीतली खंगरच म्हणायची का?

आकड्यांचा फरक बघून मजा वाटली. आपल्या आयएस १०७७ मध्ये साध्या विटेला २० टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, आणि सगळ्यात खालच्या वर्गाची ताकद ३.५ न्यूटन. तरी घरं उभी आहेतच की.

---

सिव्हिलवाला_लीड्स

@भट्टीवाला, बरोबर पकडलंत. फरक मातीचा आणि भट्टीवरच्या ताब्याचा. खंगर अपघाताने होते आणि वितळता वितळता आकार सोडते. इथे मातीच अशी निवडतात की ती काचेसारखी होईपर्यंत तापवली तरी बसत नाही. आणि नाशिकला वीट गोठत नाही हो! गिलाव्याआड, पावसाळा सोडून कोरडी राहणारी वीट २० टक्के प्यायली तरी तिला उन्हात वाळायला आठ महिने आहेत.

आता ताईंचा तिसरा प्रश्न. घर व्हिक्टोरियन म्हणजे मऊ वीट आणि चुन्याचा माल. अशा भिंतीत ओल येते-जाते, विटेतून आणि त्याहून जास्त चुन्याच्या दरजांमधून बाहेर पडते. मधेच सिमेंटच्या मालात घट्ट इंजिनिअरिंग ब्रिक बसवली की तेवढ्या भागातून ओल बाहेर पडायची बंद होते. मग ती आजूबाजूच्या जुन्या विटांकडे वळते, आणि दोन-चार हिवाळ्यांत नव्या विटांच्या भोवतीच्या जुन्या विटा सोलायला लागतात. अशा भिंती मी तपासणीत नेहमी बघतो: मध्ये नव्या विटांचा ठिगळ ताठ उभा आणि कडेने जुनी वीट बोटभर आत गेलेली. तिथे मूळच्या जातीची जुनी मऊ वीट आणि चुन्याचा मालच हवा. आणि ओल का येतेय ते आधी शोधा. बहुतेक वेळा बाहेरची जमीन किंवा फरशी वर्षानुवर्षं चढत जाऊन आतल्या जमिनीच्या बरोबरीला आलेली असते, किंवा पन्हळ गळत असते.

"मग डीपीसीला (पायाजवळच्या ओल अडवणाऱ्या थराला) इंजिनिअरिंग ब्रिक कशी चालते?" असं कोणीतरी विचारणार, म्हणून सांगून टाकतो. पायाजवळ संपूर्ण जाडीत, सलग दोन थर, घट्ट सिमेंटच्या मालात बांधले तर ते खालून चढणारी ओल अडवतात. ती पद्धत इथल्या प्रमाणकात आहे, त्यासाठी डीपीसी १ (४.५ टक्के) आणि डीपीसी २ (७ टक्के) असे वर्गही आहेत. पण ते घर बांधतानाच करायचं काम आहे. आणि वरून खाली उतरणारं पाणी त्याने थांबत नाही, कारण ते दरजांमधून जातं.

तुमच्या बागेच्या भिंतीला मात्र ही पद्धत उत्तम. तळाशी प्लास्टिकची डीपीसी टाकली तर भिंत त्या पातळीवर पायापासून सुटी होते आणि मागच्या मातीच्या रेट्याने सरकू शकते. विटांचे थर ओल अडवतात आणि पकडही सोडत नाहीत.

---

काळ्यामुलखातली

बाप रे, किती कामाची माहिती! घराच्या भिंतीचं काम तूर्त थांबवलं. बाहेरची फरशी खरंच आतल्या जमिनीला टेकलीये, आत्ताच जाऊन बघितलं.

जुन्या विटांबद्दल कोणी बोललंच नाही. आणि विटा किती मागवू?

---

थापीबहाद्दर

इथे साइटवर गवंड्यांची टीम सांभाळतो, म्हणून लिहितो.

जुन्या निळ्या विटा दणकट असतात, त्यात वाद नाही. पण त्या इंची मापाच्या, बऱ्याचदा ३ इंच उंचीच्या. नवीन वीट २१५ × १०२.५ × ६५ मिलिमीटर. दोन्ही एका भिंतीत आल्या तर थर जुळत नाहीत. घ्यायच्याच तर सगळी भिंत त्यांचीच करा, आणि चुन्यातून निघालेल्याच घ्या. सिमेंटचा माल चिकटलेला असेल तर साफ करताना माल निघत नाही, वीट फुटते. शिवाय यार्डात "निळी" म्हणून साध्या विटाही ढिगात मिसळलेल्या असतात. शंका असेल तर एक वीट घरी आणा, पूर्ण वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ३,००० ग्रॅमची वीट १२० ग्रॅम प्यायली तर ४ टक्के. प्रयोगशाळेत वीट उकळून किंवा निर्वात करून तपासतात, तिथे आकडा चढा येतो. घरच्या चाचणीत ६-७ दिसले तर ती वीट सोडून द्या.

हिशोब: एक वीट जाडीच्या (२१५ मिमी) भिंतीला चौरस मीटरला १२० विटा. ६ × ०.९ म्हणजे ५.४ चौरस मीटर, ६४८ विटा. जमिनीखालचे थर वेगळे धरा, वर तुटफुटीला थोड्या. पण २१५ ही कमीत कमी जाडी समजा. माती अडवणारी भिंत आहे, एकदा स्थानिक इंजिनिअरला दाखवा, पायाचं मापही तोच देईल. भिंत शेजाऱ्याच्या हद्दीवर असेल तर पार्टी वॉल ॲक्ट १९९६ लागू होतो का तेही विचारा.

आता बांधणीबद्दल, कारण चांगली वीट घेऊन वाईट बांधलेल्या भिंती ढिगाने आहेत. आपल्याकडे वीट भिजवून लावायची सवय, ती इथे अजिबात नको. ही वीट पाणी ओढत नाही, त्यामुळे मालातलं पाणी मालातच राहतं आणि वीट त्यावर तरंगते. चौथा-पाचवा थर चढला की खालचा सरकायला लागतो, ओळंब्यातून जातो. माल जरा घट्ट कालवायचा आणि एका दिवसात थोडेच थर चढवायचे. घाई करणारा गवंडी या विटेला चालत नाही. माल एम१२, म्हणजे साधारण १ सिमेंट ३ वाळू. आणि उभ्या दरजा पूर्ण भरून घ्या! बरेच जण विटेच्या टोकांना थापीने नुसतं बोट लावल्यासारखा माल लावतात. बाहेरून दरज भरलेली दिसते, आत पोकळ. साडेचार टक्के पिणाऱ्या विटेचे पैसे देऊन पाणी दरजेतून आत घ्यायचं, याला काय अर्थ?

भोकांच्या विटा भिंतीत चालतात, मालाची पकड उलट चांगली बसते. कोपिंगला आणि उघड्या टोकांना भरीव घ्या. कोपिंग भिंतीच्या पुढे थोडं काढून खालून पाणी तोडणारी खाच ठेवा.

---

सिव्हिलवाला_लीड्स

थापीबहाद्दरांनी सगळं सांगितलं, एकच राहिलं. भिंतीचं पोट पुढे आलं ते विटेमुळे नाही, मागे साचलेल्या पाण्याच्या रेट्यामुळे. भिंतीमागे खडीचा पट्टा, त्याच्या तळाशी भोकांचा पाइप, खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), आणि खालच्या थरांत दर मीटरभर वीप होल (पाणी बाहेर पडायला भोक). भिंतीच्या मागच्या अंगाला बिट्युमेनचा लेप. बिल्डरच्या कोटेशनमध्ये हे नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

---

काळ्यामुलखातली

कोटेशन उघडून बघितलं. पाइप नाही, खडी नाही, बिट्युमेन नाही. विटा मात्र "क्लास ए ब्लू". नवीन कोटेशन मागवते: लाल बी एफ२/एस२, वर निळं बुलनोज कोपिंग, आणि मागे निचरा. नवऱ्याच्या जुन्या निळ्या विटांची बागेत फुलझाडांच्या वाफ्याला कड करू म्हणते, म्हणजे घरात शांतता.

बिल्डर नोव्हेंबरची तारीख देतोय. घ्यावी?

---

थापीबहाद्दर

पाया खणून, काँक्रीट करून घ्या. विटा मार्चमध्ये. पारा ३ अंशांवर येऊन उतरत असेल तर माल कालवायचाच नाही, आणि ही वीट पाणी ओढत नसल्याने माल आवळायला तसाही वेळ लागतो. रात्री गोठला तर सकाळी बोटाने उकरता येतो. विटांचे पॅलेट आधी आले तर प्लास्टिक काढू नका, वरून ताडपत्री टाका. आणि ६५० विटा एकाच पॅलेटमधून लावायच्या नाहीत, दोन-तीन पॅलेट उघडून मिसळून लावा, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात.