कंबरेला करंट घेतल्यानं खरंच लवकर बरं होतं का? (वडिलांसाठी विचारतोय)

टॉवेलपेठ_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ५४ वर्षांचे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत. मंगळवारी बीम (सुताचा जड रूळ) चढवताना कंबरेत अशी उसण भरली की मागाला धरून तिथंच उभारले, दोघांनी रिक्षात घालून घरी आणलं. आज सहावा दिवस. पाय दुखत नाही, फक्त कंबर, पण उठायचं म्हटलं की आधी कुशीवर, मग हात टेकून, मग भिंत धरून, पाच मिनिटं जातात. एका ठिकाणी सांगितलं की मणक्यातली गादी सरकलीय, १० दिवस करंट घ्या, रोजचे ३०० आणि पैसे आधी भरा. पहिल्या दिवशी मशीनवर असताना छान वाटलं, घरी आले आणि तासाभरात परत तसंच. जेवढा माल तेवढी मजुरी, घरी बसून परवडत नाही हो. बाकीचे करंट घ्यावेत का ऑनलाइन टेन्सचं, म्हणजे घरीच पॅड लावून करंट घ्यायचं, छोटं मशीन आणू? मेव्हणे म्हणालेत १५ दिवस फळीवर झोपवून ठेवा.

फिजिओ_ताई:
दादा, मी स्वतः फिजिओ आहे, रोज ही मशीनं वापरते म्हणून स्पष्टच सांगते, करंटनं कुठलीच गादी जागेवर बसत नाही. पॅडमधून कातडीखालच्या नसांना झिणझिण्या जातात एवढंच. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, चोळल्याचा निरोप मणक्यात पोचला की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते, मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ ला मांडलेली ही गेट थिअरी, टेन्स त्यातूनच आलं. क्लिनिकमधलं चार पॅडचं आयएफटी असतं, ४००० हर्ट्झच्या आसपासचे दोन करंट एकमेकांना छेदतात, पण हेतू तोच. मशीन बंद झालं की असर उतरतो, अण्णांना तासाभरात परत दुखलं ते त्यामुळंच. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं (कुठले उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणारी) २०१६ ला कंबरदुखीसाठी टेन्स आणि आयएफटी दोन्ही देऊ नका असंच सांगितलंय. अशी नवी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय दहाव्या सिटिंगला जातं, याचं मला फार वाईट वाटतं कारण ३००० म्हणजे मागावरच्या माणसाचे किती दिवस!

फळीवर अजिबात झोपवून ठेवू नका. गरम पाण्याच्या पिशवीनं १५-२० मिनिटं शेका, मध्ये टॉवेल घाला. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ ला नव्या कंबरदुखीसाठी शेक सुचवलाय, टेन्सला मात्र पुरेसा पुरावा नाही म्हटलंय. आणि दर तासाला उठवून घरातल्या घरात चालवा, थोडं दुखलं तरी. गोळी डॉक्टरांना विचारूनच, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

विडीघरकुलची_लेक:
आमच्या आईसाठी घेतलं होतं ते टेन्सचं मशीन. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची, कंबर कायमचीच. लावलं की अर्धा तास बरं वाटायचं तिला, खोटं कशाला बोलू. पण एकदा बाम चोळलेल्या जागेवरच पॅड चिकटवला आणि चौकोनी लाल डाग उठला, आठवडाभर जळजळ. कातडी धुऊन कोरडी करूनच लावायचं असतं हे नंतर कळलं. आणि पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नये.

होटगी_रोडवरनं:
एक विचारा अण्णांना, लाजू नका. लघवी अडकतीय का, नकळत होतीय का, बसतो त्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद गेल्यासारखी? यातलं एक जरी असलं तरी त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. आमच्या मामांची लघवी अडकली होती पण लाजेनं कुणाला सांगितलं नाही, चार दिवस करंटच घेत बसले, ऑपरेशन झालं पण उशीर झाला, अजून कॅथेटर (लघवीची नळी) आहे.

टॉवेलपेठ_सोलापूर:
सगळ्यांचे आभार, मामांचं वाचून लगेच विचारलं. तसलं काही नाही, पायावर ताकद लावून बघितली, व्यवस्थित आहे. फळी काढली. संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत दोनदा चालले, माझ्या खांद्यावर हात टाकून. उरलेल्या पैशांचं उद्या जाऊन बोलतो. ताई, एकच, कामावर कधी जाऊ असं सारखं विचारतायत.

फिजिओ_ताई:
घरात आधाराशिवाय चालायला लागले की मागावर उभारायला हरकत नाही, आधी अर्धी पाळी. बीम मात्र महिनाभर दुसऱ्यांनी चढवू दे, मालकाशी आधीच बोलून घ्या.