जुनी गाडी सारखी तापते – तुमच्या गाडीचं शेवटी काय निघालं?

धागा काढायला कारण माझीच गाडी. २००३ ची पेट्रोल सेदान, वडिलांनी घेतलेली, विकायची अजिबात इच्छा नाही. पुण्यात सिग्नलला कितीही वेळ उभी ठेवा, तापमानाचा काटा मधोमध. पण साताऱ्याला जाताना खंबाटकी लागला की निम्म्या चढावर काटा लालकडे सरकायला लागतो, एसी बंद करून हीटर फुल्ल सोडला की जरा खाली येतो. गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलला, मग पंखा, मग रेडिएटर, दरवेळी "आता बघा कशी पळते" आणि पुढच्या घाटात परत तेच. मध्येच कूलंटही थोडं कमी झालेलं दिसतं, खाली मात्र एक थेंब नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा प्लीज. नुसतं "अमुक बदला" नको, गाडी नक्की कधी तापायची, काय काय तपासलं आणि शेवटी काय निघालं ते सांगा, कारण खरं उत्तर त्या 'कधी'मध्येच आहे असं मला आता वाटायला लागलंय.

वऱ्हाडी गाडीवाला:
माझं तुमच्या बरोब्बर उलटं होतं. हायवेला ९० ने जा, गाडी थंडगार, आणि मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत अडकलो की काटा वर. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार, म्हणजे संशय पंख्यावरच जायला हवा होता. पण पंखा फिरतोय म्हटल्यावर प्रत्येकाने तो पास केला. फिरत होता हो, पण जीव नव्हता त्यात, मोटरचे कार्बन झिजले होते, थेट बॅटरीवरून वायर दिली तरी जोर धरेना. कार्बन बदलल्यावर बराच फरक पडला पण पूर्ण नाही, म्हणून मग रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो मागे कलता केला, तर त्याच्या आणि एसीच्या कंडेन्सरच्या मधल्या फटीतून अक्षरशः नमदा निघाला! आमच्याकडे कापसाच्या गाड्यांमागून जायचं म्हणजे उडणारा कापूस, त्यात माती, किडे, सगळं दाबून बसलेलं, एका बाजूला जाळीच्या पात्यांचे ठसे उमटलेले. समोरून बघितलं तर जाळी एकदम स्वच्छ दिसायची. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेर मारा आणि प्रेशर कमी ठेवा, नाहीतर पाती वाकतात.

लातूरची सून:
आमच्याकडे बोअरचं पाणी, आणि गाडीत वर्षानुवर्षं तेच भरलेलं. किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांमध्ये. रेडिएटरवाल्याने टाकी उघडून रॉड मारून साफ केलं, तरी जोरात चालवली की तापायचीच. शेवटी वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, काढली. बाहेरून थेंबभर गळती नाही, बेअरिंगचा आवाज नाही, पण आतल्या चक्राची पाती गंजून निम्मी खाल्लेली, म्हणजे पंप फिरतोय आणि पाणी पुढे जातच नाही. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की नळाचं पाणी फक्त अडीअडचणीला.

सासष्टीकार:
चोर्ला घाटात तापायची, सपाटीला नाही. खालचा होज पाइप बघा, रेडिएटरमधून पंपाकडे जाणारा. इंजिन गरम झाल्यावर बॉनेट उघडून एकाला रेस द्यायला लावलं तर तो पाइप आत ओढला जाऊन चपटा व्हायचा, रेस सोडली की परत गोल. आतली स्प्रिंग गंजून गेली होती. गाडी उभी असताना कोणालाच दिसायचं नाही.

कसाराकर:
काटा वर आणि बॉनेट उघडलं तर सगळं गार असं असेल तर आधी वायरिंग बघा. माझा काटा हेडलाइट लावले की उडी मारायचा. इंजिनची अर्थिंगची वायर कुजलेली, बाकी काहीच नाही.

ग्रीसचे हात:
माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, काढला तर इंजिन कायम थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं फक्त झाकलं जातं. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटरमध्ये न जाता बायपासनेच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का बघा.

दुसरं, रेडिएटरचं झाकण. त्यावर बऱ्याचदा ०.९ लिहिलेलं असतं, तो दाब, बारमध्ये. तेवढा धरला तर साधं पाणीही ११८ च्या आसपास उकळतं. रबर गेलं की दाब निसटला आणि शंभरालाच उकळी, घाटमाथ्यावर त्याच्याही आधी. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात शेवटी बघितला जातो, याचा मला खरंच त्रास होतो. आणि गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही म्हणजे नाही, चेहरे भाजलेले बघितलेत मी.

आता धागाकर्ते दादा, तुमचं. चढावर तापते, कूलंट कमी होतं, गळती नाही. सकाळी एकदम थंड गाडीचं झाकण उघडून परत लावा, म्हणजे आत उरलेला दाब जाईल. मग सुरू करून एक-दोन मिनिटांत वरचा होज दाबून बघा. पाणी कोमट व्हायच्या आत तो दगडासारखा झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, म्हणजे हेड गॅसकेट गेलं, इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील. खात्रीसाठी निळ्या द्रवाची टेस्ट मिळते, एक्झॉस्टचा गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर तेवढ्यावरून ठरवू नका, पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्यांनीही तो येतो.

धागाकर्ता:
काका, आज सकाळी केलं. होज खरंच कडक झाला, हाताला मात्र गारच. दुपारी दुसऱ्या गॅरेजला नेऊन तो निळा द्रव लावला, बघता बघता हिरवट आणि मग पिवळा. एवढे पार्ट बदलले आणि ही टेस्ट आधी कोणी केलीच नाही. हेड उतरवायला दिलंय.

ग्रीसचे हात:
हेड अॅल्युमिनियमचं आहे, तापून तापून वाकलेलं असणार, लेथवाल्याकडे पट्टी लावून तपासून घ्या आणि लागेल तेवढंच फेसिंग करा, म्हणजे घासून सपाट. ब्लॉकचा फेसही त्याच पट्टीने बघायला सांगा, तो बरेच जण सोडतात. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट नवीन, आणि आवळताना टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या क्रमानेच. कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण उघडा, झाकण काढून इंजिन चालू ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा आत राहिली तर नव्या गॅसकेटवरही पहिल्याच घाटात काटा वर जाईल.