कुडॉस : एकवचनच

कौतुक करताना इंग्रजीत ‘कुडॉस’ (kudos) म्हणतात. त्याचा काही जण ‘एकाला एक कुडो, दोघांना कुडोज’ असा हिशेब मांडतात, तो चुकीचा आहे. कुडॉस हा मूळ ग्रीक शब्द, नपुंसकलिंगी एकवचन. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही. १९ व्या शतकात इंग्लंडमधल्या विद्यापीठांतल्या पोरांच्या बोलीतून तो इंग्रजीत रुळला आणि ‘स’मुळे गैरसमज होऊन २० व्या शतकात ‘कुडो’ जन्माला आला. (वाटाण्यासाठीच्या जुन्या इंग्रजी ‘पीज’ (pease) या एकवचनाचं ‘पी’ (pea) असंच झालं.)

अर्थही नुसता ‘शाबास’ नव्हे. होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यात देवांचा राजा झ्यूस योद्ध्याला कुडॉस देतो, म्हणजे रणातलं विजयी तेज. लोकांच्या तोंडी राहणारी कीर्ती वेगळी, तिला ग्रीकमध्ये ‘क्लेऑस’ म्हणतात. वैदिक ‘श्रवस्’ (कीर्ती) या शब्दाची सख्खी बहीण ती, दोन्ही एकाच मुळातून आलेले. ग्रीक ‘क्लेऑस आफ्थितॉन’ आणि ऋग्वेदातलं ‘अक्षित श्रवस्’ (दोन्हींचा अर्थ ‘अक्षय कीर्ती’) शेजारी ठेवून बघाच!