मदत हवी आहे: घाटात बंद पडलेली मोटारसायकल उचलून नेण्याचे तुमचे अनुभव सांगा

म्हसळामार्गे

नमस्कार मंडळी. आधी काय झालं ते सांगते, मग प्रश्न. लांबलंय, पण तपशील न देता विचारलं की दहा जण तपशीलच विचारत बसतात.

जुलैतला रविवार. श्रीवर्धनहून पुण्याला परत निघाले होते, एकटीच. नेहमीचा रस्ता: म्हसळा, माणगाव, विळे, मग ताम्हिणी. गाडी ३५० सीसी, २०१८ ची, कार्बोरेटरवाली. आजवर कधी दगा दिलेला नाही. विळ्याच्या पुढे घाट चढायला लागले तेव्हा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला. म्हटलं, पाणी गेलं असेल. दिवा पिवळट वाटत होता, तो धुक्याच्या खात्यावर टाकला. डोंगरवाडीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि बंद. स्टार्टर दाबला तर नुसतं टक् टक् टक्. किक मारून मारून पोटरी भरून आली, बाकी काही नाही.

वाजले होते चार. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली की मदत पाठवणारी सेवा) घेतलेलं आहे. दर वर्षी पैसे भरते आणि विसरून जाते. फोनला रेंज शून्य. हँडल लॉक करून उतारावर पाऊण किलोमीटर मागे चालत गेले, तेव्हा एका कठड्यापाशी दोन कांड्या दिसल्या. कॉल सेंटरवरच्या मुलाचा पहिला प्रश्न: "मॅडम, पिनकोड?" अहो, घाटात आहे मी. एकीकडे दरी, एकीकडे धबधबा. "कौनसा वॉटरफॉल?" ताम्हिणीत जुलै महिन्यात हे विचारणं म्हणजे वारीत पांढऱ्या टोपीवाले काका कुठले म्हणून विचारण्यासारखं. लोकेशन व्हॉट्सॲप करा म्हणाला. बोलता येईल एवढीच रेंज, नेट कुठलं!

दोन तासांत येणारी गाडी साडेसातला आली. तोवर कणीसवाल्या मावशींनी ताडपत्रीखाली बसवून घेतलं, दोन चहा पाजले आणि पैसे एकाचेच घेतले.

आली ती गाडी म्हणजे उघडा पिकअप. चढवायला फळी नाही, बांधायला पट्टे नाहीत, सोबतीला माणूस नाही. मी, ड्रायव्हर, मावशींचा मुलगा आणि आपणहून थांबलेला एक बाइकवाला, अशा चौघांनी ते धूड उचलून वर घातलं. ड्रायव्हरने गाडी साइड स्टँडवर उभी केली, सीटवरून एक नायलॉनची दोरी टाकली आणि दोन्हीकडे गाठी मारल्या. मी म्हटलं, दादा, हलेल ही. "ताई, रोज चार नेतो." पौडच्या आधी एका म्हशीसाठी त्याने ब्रेक मारला आणि मागून जो आवाज आला तो अजून कानात आहे. टाकीला वाटीएवढा पोचा, क्लचचा दांडा मोडलेला, डावा आरसा गायब.

घरी पोचल्यावर म्हणाला, ५० किलोमीटरपर्यंत फुकट, वरचे २,२०० द्या. रात्रीचे दहा, धो धो पाऊस. दिले. पावती नाही, पण यूपीआयने दिले एवढं शहाणपण सुचलं. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, रेक्टिफायर गेलाय, बॅटरी चार्जच होत नव्हती. पार्ट आणि मजुरी मिळून दोन हजारांच्या आत काम झालं. म्हणजे आजारापेक्षा रुग्णवाहिका महाग.

आता विचारायचं ते असं. फोन करताना फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक) पाठवा असं ठणकावून सांगता येतं का, की येईल ते नशीब? ते ५० किलोमीटर नक्की कुठून कुठे मोजतात? टाकीच्या पोच्याचं काय? कंपनी म्हणते, टोइंगवाला आमचा माणूस नाही, व्हेंडर आहे. आणि व्हेंडर फोन उचलत नाही. गणपतीला पुन्हा याच रस्त्याने जायचंय, तेव्हा ज्यांनी हे भोगलंय त्यांनी काय सोबत ठेवलं, कुणाला फोन केला, ते सांगा.

दोन खुलासे. टोइंग म्हणजे नो पार्किंगमधून उचलून नेतात ते नव्हे, मैत्रिणीला सांगितलं तर तिने पहिलं विचारलं, "दंड किती घेतला?" आणि "एकटी कशाला गेलीस" हा प्रतिसाद कृपया नको, तो घरी मिळालेला आहे.

चहाबाज

कारने जा ना सरळ.

म्हसळामार्गे

कार नाही. असती तरी बाइकनेच गेले असते.

पानाबारा

ताई, माझं गॅरेज आहे, त्यामुळे मोडक्या गाड्या टेम्पोतून उतरवणं हे रोजचंच. गाडी न्यूट्रलमध्ये होती ना? तिथेच घात झाला. ब्रेक लागला की गाडी पुढे सरकते, साइड स्टँड मिटतो आणि गाडी डावीकडे झोपते. म्हणून तुमचा क्लचचाच दांडा गेला, ब्रेकचा नाही.

टेम्पोत दुचाकी साइड स्टँडवर ठेवायचीच नाही. पुढचं चाक समोरच्या फळीला टेकवा, गाडी सरळ उभी धरा, पहिला गियर टाका. रॅचेटचे (खटका मागेपुढे करून आवळायचे) दोन पट्टे पुढे: हँडलच्या खाली, फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जिथे पकडलेला असतो त्या पट्टीवरून दोन्ही कोपऱ्यांना खाली खेचायचे. पुढचं सस्पेन्शन निम्मं दबेपर्यंत आवळा. मग दोन पट्टे मागे, चासीला किंवा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. सीटवरून टाकलेली दोरी म्हणजे नुसतं समाधान. खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की दोरी सैल पडते आणि वर आल्यावर कुणी ती पुन्हा आवळत नाही. पट्टा रंगाला घासत असेल तिथे जुनं फडकं घाला. चार पट्टे डिकीच्या पिशवीत मावतात, स्वतःचेच ठेवा. पिकअपवाल्याकडे असतील या भरवशावर राहू नका.

दुसरं, गाडी तुम्हाला अर्धा तास आधीपासून सांगत होती. हॉर्न घोगरा, दिवा पिवळा, मग मिसिंग (इंजिन आचके देतं ते), मग बंद: बॅटरी चार्ज होत नसली की याच क्रमाने होतं. २०१७ पासूनच्या गाड्यांना दिवा बंद करायचं बटणच नाही, त्यामुळे बॅटरी आणखी लवकर बसते. दिवसा आणि कोरडं असेल तर हेडलाइटचा प्लग काढून उरलेल्या बॅटरीवर वस्तीपर्यंत पोचता येतं. धुक्यात मात्र हा उद्योग करू नका, समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. निघायच्या आधी एक साधा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून जरा रेस दिल्यावर बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले पाहिजेत. बाराच्या खाली घुटमळत असेल तर घाटाकडे जाऊच नका.

आणि टोइंगला फोन लावायच्या आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण) आणि साइड स्टँडचा स्विच बघून घ्या. हसू नका. दहा किलोमीटरवरून टेम्पोने आलेली गाडी मी लाल बटण वर करून चालू करून दिलेली आहे. मालकाचं तोंड बघवत नव्हतं.

खंबाटकी

साताऱ्याच्या रस्त्यावर माझी चेन तुटली होती. राष्ट्रीय महामार्ग असल्यामुळे १०३३ ला फोन लावला. गस्तीची गाडी आली, मागे शंकू लावले, ढाब्यापर्यंत ढकलायला हात दिला. त्यांची क्रेन मोठ्या गाड्यांना हुक लावून ओढण्यासाठी असते, दुचाकीला ती कामाची नाही. पण अंधारात ट्रक अंगावर येत असताना ते शंकू फार मोलाचे वाटतात.

मागे एकदा मित्राने माझ्या फूटरेस्टला पाय लावून चार किलोमीटर ढकलत नेलं होतं. टोचन म्हणतो आम्ही त्याला. सपाटीवर ठीक. घाटात केलंत तर दोघेही दरीत.

विळेकर

आमच्याच दारातून गेलात म्हणायचं! ताई, तुमची मूळ चूक वेगळीच आहे. तुम्ही घाटात विळ्याच्या बाजूला होतात, माणगाव खाली जवळ होतं. गाडी पुण्याला न्यायची गरजच नव्हती. असल्या बहुतेक योजनांत फुकट किलोमीटर हे जवळच्या वर्कशॉपपर्यंत नेण्यासाठी असतात, तुमच्या घरापर्यंत नाही. रविवारी वर्कशॉप बंद असतं हे खरं, पण गाडी ओळखीच्या ठिकाणी रात्रभर ठेवून सोमवारी आत टाकता आली असती. माणगाव स्टँडच्या आसपास छोटा हत्ती भाड्याने मिळतो. भाव टेम्पो घाट चढायच्या आधीच ठरवायचा, गाडी आत घातल्यावर नाही. सोबत एक माणूस आणि फळी आण असं फोनवरच सांगायचं.

रेंजचं म्हणाल तर तो रस्ता तसाच आहे आणि पावसात आणखी वाईट. पण जीपीएसला नेट लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर निळा ठिपका दाखवतोच. त्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. ते कागदावर लिहून घ्यायचे आणि रेंजमध्ये आलं की साध्या एसएमएसने पाठवायचे. सोबत किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय तेही. पिनकोडवाल्या पोराला आकडे दिले की ते गप टाइप करतं. आणि जिवावर बेतलं तर ११२. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कुणाची असेल, तर तिच्यावरून हा फोन लागतो.

पॉलिसीवाचक

टाकीच्या पोच्याबद्दल. तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग चालू असेल तर त्याची पहिली दोन पानं काढा. आग, चोरी, पूर अशी यादी असते, त्यात रस्ता, रेल्वे, जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने वाहतूक होत असताना झालेलं नुकसानही असतं. दुचाकी टेम्पोतून नेताना आडवी झाली तर ते यातच बसतं. म्हणजे टोइंगवाला व्हेंडर की मामेभाऊ हा प्रश्न बाजूला ठेवूनही दावा करता येतो.

पण करावा का, ते वेगळं. एक दावा केलात की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत ५० पर्यंत चढतो, तुमचा बराच वर गेलेला असणार. पोचा काढून रंग द्यायला किती खर्च येतो आणि पुढच्या हप्त्यात किती सूट जाते, दोन्ही आकडे शेजारी मांडून ठरवा.

सूट गमवायची नसेल तर भरपाई रोडसाइड सेवेकडूनच मागा. सेवा कंपनीने विकली, पैसे कंपनीने घेतले, तेव्हा व्हेंडर कुणाचा हा त्यांचा घरगुती प्रश्न. फोनवर भांडू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, फोटो आणि यूपीआयची नोंद जोडा, कॉलचा तक्रार क्रमांक लिहा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात कार्यालय आहे. त्याआधी आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर नोंदवा किंवा १५५२५५ ला फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही आहेच.

त्याच पानांवर आणखी एक गंमत सापडेल. अपघातानंतर गाडी उचलून नेण्याचा खर्च विमा देतो, पण दुचाकीसाठी जुन्या प्रमाणित पॉलिसीत ही मर्यादा ३०० रुपये आहे. तीनशे! आणि तीही अपघात झाला तर, बंद पडली तर नाही. म्हणून रोडसाइड सेवेचं जोडकलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

इतर वाचकांसाठी: १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) विमा एकदम घ्यावा लागतो. पुष्कळांना वाटतं पाच वर्षं चिंता मिटली. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की त्याला जोडलेली रोडसाइड सेवाही गेली. हे लोकांना घाटात कळतं.

चहाबाज

माझी नेमकी हीच अवस्था निघाली. आत्ता बघितलं. संपून १४ महिने झालेत. धन्यवाद, आणि कारचं मागे घेतो.

म्हसळामार्गे

सगळ्यांचे आभार. विळेकर, पुढच्या वेळी तुमच्या दारातच बंद पाडेन.

हिशेब केला. पोचा, रंग, दांडा आणि आरसा मिळून जो आकडा येतोय त्यापेक्षा गेलेली सूट जास्त भरते, म्हणून दावा करत नाही. ईमेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: २,२०० पैकी किती परत मिळतील ते "तपासत आहोत", पोच्याबद्दल एक अक्षर नाही. महिना मोजायला सुरुवात केली आहे.

फ्लॅटबेडचं कॉल सेंटरला पुन्हा विचारलं. विनंती नोंदवून घेऊ म्हणाले, हमी नाही. म्हणजे येईल ते नशीबच. म्हणून चार पट्टे आणले आणि परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांमध्ये गाडी बांधून सराव केला. वॉचमनकाकांना वाटलं, मी चोरांसाठी बंदोबस्त करतेय.

मल्टिमीटरही आणलाय. १४.१ दाखवतोय. हॉर्न खणखणीत.

पानाबारा, एक राहिलं: रेक्टिफायर बदलताना मेकॅनिकने जुना कनेक्टर तसाच ठेवलाय, एका पिनपाशी प्लास्टिक तपकिरी झालंय. चालेल का?

पानाबारा

नाही चालणार. तपकिरी म्हणजे तिथे गरम होतंय. कनेक्टर बदलून घ्या, गणपतीच्या आधी.