मदत हवी आहे: शेजारच्या आजोबांच्या हॉट रॉडमधल्या चुका काढायच्या आहेत

नमस्कार मंडळी, जुन्या गाड्यांतल्या जाणकारांनी जरा वाचा. मी कॅलिफोर्नियात राहतो. शेजारच्या आजोबांनी सहा वर्षं खपून १९३२ची फोर्ड रोडस्टर (उघड्या टपाची दोन सीटची गाडी) उभी केली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली पोरं कोरड्या तळ्यांवर पळवायची, अगदी तशी हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदल केलेली जुनी गाडी. आता म्हणतात, "गोड बोलू नकोस, चुका सांग."

गाडी बघून जीव हरखतो. मडगार्ड काढलेले, पुढची काच कापून बुटकी केलेली, पुढे बारीक टायर आणि मागे जाड, त्यामुळे नाक खाली. मर्क्युरीचं (फोर्डचाच ब्रँड) फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे जुन्या पद्धतीचं चपट्या डोक्याचं आठ सिलिंडरचं इंजिन, त्यावर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर. मागचे दिवे १९३९च्या फोर्डचे, थेंबाच्या आकाराचे. डॅशबोर्डवर एका स्विचभोवतीचा रंग बोटं लागून उडालाय, तो त्यांनी मुद्दाम तसाच ठेवलाय. मला तेच सगळ्यात आवडलं.

खटकतं ते असं. बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी त्याचा नंतरचा अवतार, चकचकीत अल्टरनेटर, आणि टायर आजच्या गाड्यांसारखे रेडियल. १९४८चा थाट मिरवणाऱ्या गाडीला दोन्ही शोभत नाहीत. शिवाय मागची बाजू दोनेक इंच जास्तच उचललीय.

त्या काळचे बायस-प्लाय (तिरप्या धाग्यांच्या थरांचे) टायर घातले तर रस्त्यातल्या चरांमागे गाडी ओढते म्हणतात. आजोबा ती रोज बाहेर काढतात, मग ते सुचवू का? डायनॅमोसारख्या दिसणाऱ्या डब्यात लपवलेला अल्टरनेटर कुणी वापरलाय का? आणि उंचीचं नेमकं कुठून कुठे मोजू? नुसतं "डोळ्यांना खुपतं" म्हटलं तर आजोबा पाना हातात देऊन मलाच गाडीखाली घालतील.