जुनी मियाटा घ्यायची तर आधी छत बघा

काही जण म्हणतात की पहिल्या पिढीची, उघड्या टपाची माझदा मियाटा आता जपून ठेवणं म्हणजे 'हौसेला मोल नाही'. हौस आहेच हो, पण नुसती तेवढीच नाही. १९८९ ला शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी आली तेव्हा स्वस्त, हलक्या ब्रिटिश रोडस्टर (उघड्या टपाच्या दोन सीटच्या गाड्या) जवळपास संपल्या होत्या. हिने त्यांचा हलकेपणा उचलला, तेल गळणं तेवढं त्यांच्याकडेच राहू दिलं! इंजिन सुरुवातीला १.६ लिटरचं, वजन टनाच्या आत. आणि ते डोळे उघडल्यासारखे बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट पुढच्या पिढीत गेलेच.

किलोमीटर कमी म्हणून भुलू नका. वर्षानुवर्षं नुसत्या उभ्या गाडीचे रबरी सील आणि टायर कडक होतात. मी आधी दुमडतं कापडी छत बघेन. मागची काच प्लास्टिकची असते, छत खाली करण्याआधी तिची चेन उघडायची असते. आळशी मालक तसंच दुमडतो, मग काचेला घडी पडते आणि तिथेच ती तडकते. मूळ काच अजून स्वच्छ असेल तर मालक जपणारा, असं खुशाल समजा. सीटमागची पाणी जाण्याची भोकं पालापाचोळ्याने तुंबली की दाराखालची पट्टी आतून गंजते. मागच्या चाकापुढे रंग फुगलाय का, ते बोट फिरवून पाहा.

सुट्या भागांची चिंता फारशी नाही. २०१७ मध्ये माझदानेच जपानात या पिढीसाठी दुरुस्ती योजना जाहीर केली, कापडी छतसुद्धा पुन्हा बनवलं.